वाटेतील बेट

विमानप्रवासाचे वर्णन लिहिण्याच्या भरीस कोणी पडू नये, असे आमचे आजवरचे मत. आगगाडीत खिडकीबाहेर देश पळत असतो, बोटीत निदान समुद्र तरी असतो; विमानात मात्र पुढच्या आसनाची पाठ आणि तिच्यात बसविलेल्या पडद्यावर मुंगीच्या पावलाने सरकणारे आपल्याच विमानाचे चित्र, इतकाच काय तो देखावा. मग एका दिवसाच्या विमानप्रवासासाठी आम्ही या मासिकाची पाने का अडवीत आहो, असे कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेच की, त्या दिवसाच्या ऐन मध्यावर नऊ तासांचे एक बेट होते.

आमचा मुलगा दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे खाणीच्या यंत्रसामग्रीच्या कचेरीत अभियंता आहे. पाच वर्षांचा करार करून तो गेला, तेव्हा त्याच्या आईने देवापुढे नारळ ठेवून 'पाचच वर्षे' असे त्याच्याकडून वदवून घेतले होते. ती पाच वर्षे २०२४ च्या उन्हाळ्यात संपली. करार वाढला, आणि स्वतः परत येण्याऐवजी मुलाने आम्हांसच तिकडे बोलाविले. नवरात्रापूर्वी आम्ही उभयता गेलो, दिवाळी तिकडे केली आणि कार्तिक वद्य सप्तमीस, म्हणजे २२ नोव्हेंबरास, परतीस निघालो.

जाताना पेटीत गोडा मसाला, मेतकूट आणि एक अंकलिपी नेली होती. मसाला व मेतकूट सुनेसाठी, अंकलिपी नातवासाठी. नातू नऊ वर्षांचा. मराठी त्यास समजते, बोलतोही; परंतु वाचता येत नाही, आणि बोलण्यात 'ळ' चा 'ल' व 'ण' चा 'न' होतो. उभे आयुष्य वर्गात फळ्यापुढे काढलेल्या माणसाच्या कानास ते कसे टोचते, हे वाचकांतील शिक्षकमंडळी जाणतील. रोज सायंकाळी एक तास आम्ही त्यास घेऊन बसू लागलो. त्याने 'पानी' म्हटले की 'पाणी' म्हणवून घ्यावे, 'काला' म्हटले की 'काळा'. दहा वेळा, वीस वेळा. तिसऱ्या आठवड्यात पोर आम्हांस इंग्रजीत उत्तरे देऊ लागले. पाचव्या आठवड्यात उत्तरेच देईनासे झाले.

निघण्यापूर्वी चार दिवस मुलाने, बहुधा धीर गोळा करूनच, जेवताना सांगितले की त्याने तेथे घर विकत घेतले आहे. आम्ही हातातील घास ताटात ठेवला आणि म्हणालो, "ज्या पोराला तुला भाषा देता आली नाही, त्याला घर काय द्यायचंय?" सुनेने पाहिले ते आमच्याकडे नव्हे, नातवाकडे. तो भातावर रेघा ओढीत बसला होता, आणि आमचे वाक्य त्यास शब्दन्शब्द समजले होते. पुढचे चार दिवस त्या घरात सर्वजण एकमेकांशी फार सभ्यपणे वागले. घर पाहावयास चला, असे मुलगा एकदा म्हणाला. आम्ही पेट्या भरण्याचे निमित्त सांगितले.

पहाटे तीन वाजता त्याने आम्हांस विमानतळावर आणून सोडले. नातू मोटारीत आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपला होता. त्यास उठवू नका, असे आम्हीच सांगितले. मुलाने वाकून नमस्कार केला. आम्ही 'औक्षवंत हो' म्हणालो. एवढेच. सहाच्या सुमारास विमान उडाले. जोहान्सबर्गहून मुंबईस येण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. त्यांतील ज्या वाटेचे तिकीट परवडले, ती मॉरिशसवरून जात होती.

आमचे पणजोबा विलायतेहून परतलेल्या एका गृहस्थाच्या पंक्तीस बसले नाहीत, अशी आठवण आमच्या घरात सांगतात. कलिवर्ज्यांच्या यादीतील तो निषेध नीट वाचला तर एक मौज दिसते. समुद्र ओलांडून गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरीही त्यास पुन्हा जवळ करू नये, असा त्याचा रोख आहे. म्हणजे शास्त्रकारांस खरी पंचाईत जाणाऱ्याची वाटत नव्हती, परतून दारात उभे राहणाऱ्याची वाटत होती. मादागास्करच्या माथ्यावरून जात असता ही गोष्ट आम्ही सौभाग्यवतींस सांगितली. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "त्याला आधी कोणी परत यायला हवं ना." आम्ही पडद्यावरील विमान पाहू लागलो.

चार तासांनी, घड्याळे दोन तास पुढे करून, भर मध्यान्ही आम्ही मॉरिशसच्या भूमीवर उतरलो. उन्हात येताच प्रथम लक्षात आले ते हे की, आमच्या सावल्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. पायांशी गोळा झालेला एक काळा ठिपका, इतकीच सावली. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस जितकी, साधारण तितकेच हे बेट दक्षिणेस, सुमारे २० अंशांवर. दक्षिणायनातील सूर्य त्या आठवड्यात नेमका तेथील डोक्यावर येतो. शाळेत शून्य छायेचा हा धडा आम्ही कित्येक वर्षे शिकविला. तो पायाखाली घेऊन उभे राहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर आला.

मुंबईचे विमान रात्री नऊला होते. पेट्या परस्पर तिकडे जाणार होत्या. हिंदुस्थानी प्रवाशास तेथे आगाऊ परवाना काढावा लागत नाही. पारपत्रावर ठसा मारून बाहेर सोडतात. चलनाचे नाव रुपया, आणि नोटेवर इतर लिप्यांबरोबर नागरी अक्षरेही छापलेली पाहून सौ. नी ती नोट दोनदा उलटून पाहिली. टॅक्सीच्या रांगेत आमचा थोडा वाद झाला. त्यांचे म्हणणे, समुद्रकाठी सावलीत स्वस्थ बसावे. आमचे म्हणणे, पोर्ट लुई येथील घाट पाहावा. वाद अर्थात मराठीत चालला होता. इतक्यात एक पन्नाशीचा सावळा टॅक्सीवाला जवळ येऊन म्हणाला, "मराठी?" आम्ही होय म्हणताच त्याने छातीवर हात ठेवला. "मी पण मराठी."

इतकेच त्याचे मराठी. पुढे तो सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीवर आला, आणि तीही अडली की क्रिओलवर. क्रिओल ही त्या बेटाची बोली. शब्द बहुतेक फ्रेंच, परंतु फ्रेंच व्याकरणाची पुष्कळशी ओझी रस्त्यात टाकून दिलेली. मॉरिशसमध्ये मराठी मंडळी एकंदर वस्तीच्या मानाने थोडी आहेत. तथापि त्यांची देवळे आहेत, मंडळे आहेत, शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय आहे. मोका येथे महाराष्ट्र भवन असून तेथे एप्रिल २०२३ मध्ये शिवछत्रपतींचा पुतळा बसविण्यात आला. गणेशचतुर्थीस त्या देशात सरकारी सुट्टी असते. टॅक्सीवाल्याची मुलगी शाळेत मराठी शिकली होती. "ती सगळं वाचते," तो म्हणाला, "पण बोलणार कोणाशी?" आमच्या घरातील स्थिती बरोबर याच्या उलट, हे आम्ही त्यास सांगितले नाही.

विमानतळ बेटाच्या आग्नेयेस आणि पोर्ट लुई राजधानी वायव्येस, म्हणजे बेट आडवे कापून जावे लागते. बेट आहे तरी केवढे! लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी सुमारे ४५. मोटारीने तासाभरात या काठावरून त्या काठास जाता येते. रस्त्याच्या दुतर्फा ऊस. कोठे उभा, कोठे नुकताच तोडलेला. मध्येच एखादा गुलमोहर अंगभर पेटलेला. आपण ज्यास आपल्या रस्त्यांचा झाड समजतो तो गुलमोहर मूळचा त्या बेटाच्या शेजारचा, मादागास्करचा; त्यामुळे परदेशी कोण आणि घरचा कोण, हे त्याच्यापुरते तरी आम्हांस ठरविता येईना.

परंतु उसापेक्षा आमची नजर अडकली ती दगडांच्या राशींवर. शेताच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग रचलेले, काही तर पायऱ्यापायऱ्यांच्या मनोऱ्यांसारखे. आम्ही विचारले, हे काय? टॅक्सीवाला म्हणाला, शेत करण्यासाठी मजुरांनी हातांनी वेचून काढलेले दगड. गाडी थांबवून आम्ही एक दगड हातात घेतला. तो आमच्या ओळखीचा होता. वाईच्या घाटाचा, पांडवगडाच्या कड्याचा, आमच्या घराच्या जोत्याचा जो दगड, तोच तो काळा बसाल्ट. आणि हे नुसते साम्य नव्हे. भूगर्भशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, पृथ्वीच्या पोटातील एका जागच्या उष्णतेने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर ओतले आणि आपला सह्याद्री घडला. हिंदुस्थानची भूमी पुढे उत्तरेकडे सरकत गेली. ती भट्टी खालीच राहिली. तिच्या वाटेवर लखदीव व मालदीवच्या रांगा उठल्या, आणि ८०-९० लाख वर्षांपूर्वी हे मॉरिशस. आज शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी त्याच भट्टीवर जागा आहे. तात्पर्य, रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या मजुरास या परक्या भूमीत कुदळ मारताच जो दगड लागला, तो एकाच चुलीवरचा होता. त्या बिचाऱ्यास हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ठाऊक असते तरी ढीग कमी उंच झाला असता असे नाही.

पोर्ट लुईच्या पाठीशी डोंगरांची एक लहानशी रांग आहे, ती आपल्या मुलखातून उचलून आणल्यासारखी वाटते. एका सुळक्याचे नावच फ्रेंचमध्ये 'अंगठा' असे आहे, तर दुसऱ्याच्या टोकावर एक प्रचंड धोंडा डोके ठेवल्याप्रमाणे बसला आहे. उंची आठशे मीटरांच्या आसपास, म्हणजे आमच्या गडांपुढे काही नव्हे. पण समुद्रातून एकदम वर आल्यामुळे ऐट मोठी. शहरात शिरताच टॅक्सीवाल्याने एका हातगाडीवर दालपुरी घेऊन दिली. मऊ, पातळ, आत वाटलेल्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण, पण गुळाचे नाव नाही; वर टोमॅटोचे कालवण. सौ. नी दोन खाल्ल्या आणि निकाल दिला, "पुरणपोळीनं चातुर्मास धरला की अशी होईल."

बंदरापाशी आल्यावर आम्हांस गांधीजींची आठवण झाली. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतताना त्यांची 'नौशेरा' बोट याच बंदरात अडून राहिली, आणि ते सुमारे तीन आठवडे या बेटावर होते. मुलांस शिकवा, राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी येथील हिंदुस्थानी लोकांस सांगितले; पुढे १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर येथे येऊन मजुरांचे खटले लढले. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला, तो दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस साधून, १२ मार्च रोजी. आफ्रिका, मॉरिशस, मुंबई, या आमच्याच वाटेने गांधीजी तेव्हा घरी गेले. आणि पुढल्याच वर्षी पुन्हा आफ्रिकेस निघाले. कायमचे परतणे १९१५ साली झाले.

आता घाटाविषयी. आप्रवासी घाट असे त्याचे आजचे नाव. पूर्वी त्यास कुली घाट म्हणत. इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास उसाच्या मळेवाल्यांस मजूर हवे झाले, आणि ते हिंदुस्थानातून करारावर आणण्याचा प्रयोग याच बेटावर झाला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' या जहाजातून ३६ जण उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये व शिधा. १९२० पर्यंत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे आली. १८४९ मध्ये बांधलेल्या या तळावर त्यांस उतरवून घेत, एक-दोन दिवस ठेवीत, नोंदवीत आणि मळ्यांवर वाटून देत. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. तसे पाहिले तर पाहण्यासारखे तेथे फार थोडे उरले आहे: काही काळ्या दगडी भिंती, एक कमान, रुग्णालयाच्या खोल्या, स्वयंपाकघराचा भाग, शौचकूप, आणि सोळा पायऱ्या.

त्या पायऱ्यांपुढे आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलो. होडीतून उतरलेला मनुष्य या पायऱ्या चढून बेटावर येई. आता भराव पडून समुद्र दूर गेला आहे, मोटारींचा रस्ता जवळून घोंगावत जातो, आणि पायऱ्या कोठून वर येतात हे पाहणाऱ्यास सांगावे लागते. दगड झिजलेले आहेत. 'आप्रवासी' हा शब्द आम्ही मनाशी सोडवू लागलो, जुनी खोड. आपण मराठीत प्रवास म्हणजे वाटचाल समजतो. संस्कृतात तसे नाही. वस् म्हणजे राहणे. प्रवास म्हणजे घरापासून दूर जाऊन राहणे. चालणे त्यात नाहीच, राहणे आहे. मोटारीत बसून महाबळेश्वरास जाऊन येणारे आम्ही स्वतःस प्रवासी म्हणवितो ते चुकीचे. त्या दृष्टीने आमच्या घरात प्रवासी एकच, आणि तो जोहान्सबर्गास होता.

"पाचच वर्षांचा करार होता ना?" सौ. नी टॅक्सीवाल्यास विचारले.

"हो. पुष्कळ परत गेले. राहिले ते अधिक." तो म्हणाला. प्रारंभी परतीचे भाडे मालकाने द्यावे असे होते. पुढे ती सोय काढून घेतली गेली. परंतु नुसते भाडे नव्हते म्हणून सारे राहिले, असेही म्हणवत नाही. पाच वर्षांत मनुष्य एखादे झाड लावतो, त्याचे फळ पाहावेसे वाटते. उसाच्या मजुराशी वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या मुलाची तुलना करणे हास्यास्पद आहे, हे आम्ही जाणतो. तुलना आम्ही केली नाही. ती त्या पायऱ्यांवर आपली आपणच येऊन बसली.

साडेतीन वाजले होते. टॅक्सीवाला संकोचाने म्हणाला, "काका, आमचं घर वाटेवर आहे. माझ्या आईला हिंदुस्थानातून आलेला मराठी माणूस बघायचा आहे." वाक्वा नावाच्या गावी, बेटाच्या मधल्या पठारावर, त्याचे घर. तेथे हवा एकदम थंड, आभाळ भरून आलेले. घर सिमेंटचे, लहान, पुढे तुळस. मातोश्री ऐंशीच्या घरातील, फुलाफुलांचा झगा व डोईवर पदरासारखा घेतलेला पंचा. सौ. चे नऊवारी पाहून तिने त्यांचा निरीच हातात घेतला व बराच वेळ चाचपली. भाषेचा मात्र ठणठणाट. ती क्रिओल व भोजपुरी बोले. मुलगा हिंदी करून सांगे.

चहा येईतो टॅक्सीवाल्याने एक कागद आणला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. वंशजांस त्यांचा उतारा मिळतो. त्याच्या खापरपणजोबाचा हा उतारा. आकडा, नाव, बापाचे नाव, वय, जात मराठा, बंदर मुंबई. जिल्हा रत्नागिरी, तोही अशा काही वर्णांनी लिहिलेला की प्रथम ओळखू येऊ नये. गावाच्या नावाची पहिली दोनच अक्षरे लागत होती, पुढे शाई पसरलेली. "काका, तुम्ही मास्तर. सांगा, कोणतं गाव?" साऱ्या घराचे डोळे आमच्याकडे. आम्ही चष्मा पुसला. इंग्रज कारकुनाने कानांनी ऐकून लिहिलेले 'साव' एवढे निघाले. चिपळूणजवळचे सावर्डे असू शकेल. पण 'साव' ने सुरू होणारी गावे त्या मुलखात काय थोडी आहेत? सौ. चे माहेर चिपळुणाकडचे, त्या म्हणाल्या, "सावर्डेच असेल." आम्ही म्हणालो, खात्रीने सांगता येत नाही. मातोश्रींनी 'सावर्डे' हा शब्द मात्र पकडला, आणि दोन-तीन वेळा तोंडात घोळविला. आम्ही खात्री देत नाही, हे त्यांस भाषांतर करून कोणी सांगितले नाही.

मग ती गाऊ लागली. तिचा बाप गणपतीत झाकरी नाचत असे. झाकरी म्हणजे आपल्या कोकणातील जाखडी, बाल्यांचा नाच. मधे ढोलकीवाला, भोवती फेर. मॉरिशसच्या मराठी मंडळींनी तो नाच आजवर टिकविला आहे. आवाज कापरा, पण ताल पक्का. शब्द मराठी होते, यात शंका नाही. परंतु दोन शब्द जोडून तिसराच झालेला, क्रियापदाचा शेवट गळालेला, आणि जेथे जेथे 'ण' यावा तेथे तेथे 'न'. गजाननाचे नावही त्यातून सुटले नव्हते. तीन ओळी आम्ही सोसल्या. चौथीस आमच्या तोंडून गेले, "आजी, तो शब्द—"

सौ. नी आमच्याकडे पाहिले नाही. त्यांनी मांडीवर ताल धरला आणि पाचव्या ओळीस आपला आवाज आजींच्या आवाजात मिसळला. तोच 'न', तोच जोडशब्द, तीच गळालेली क्रियापदे. दोघी ते गीत शेवटपर्यंत एकत्र गायिल्या. आमची विवाहाची चाळीस वर्षे होत आली. या बाईस हे गाणे येते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या अंगणात गौरी-गणपतीत बाल्ये यायचे ते हेच म्हणायचे. आणि ते 'गनपती'च म्हणायचे. तुमचा तो ण नव्हताच त्यांच्याकडे."

म्हणजे जे आम्ही झिजलेले नाणे समजलो, ते टाकसाळीतूनच तसे पडलेले होते. परक्या बेटावर शंभर-दीडशे वर्षांत भाषा बिघडली, असे आम्ही मनात टिपून ठेवीत होतो. वास्तविक त्या मजुराने गावाहून नेलेला उच्चार नातवंडांनी कण न सांडता सांभाळला होता. बिघडले असेल तर ते आमच्या शाळेत, आमच्या हातून, इकडे बिघडले. कोकणातील किती पोरांच्या हातांवर आम्ही या 'ण' साठी पट्टी मारली असेल, त्याचा हिशेब आता लागणे नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. निघताना मातोश्रींनी विचारले होते, तुम्हांस मुलगा आहे का, कोठे असतो. आम्ही म्हणालो, आफ्रिकेत असतो. तेथे त्याने घर घेतले आहे. हे वाक्य आमच्या तोंडून रागावाचून प्रथमच निघाले. मुलाने ते क्रिओलमध्ये सांगितले. मातोश्रींचा चेहरा खुलला, आणि त्यांनी काही विचारले. टॅक्सीवाला हसून म्हणाला, "आई विचारते, घराला अंगण आहे का? गणपतीत नाचायला अंगण लागतं."

आम्ही सौ. कडे पाहिले, त्यांनी आमच्याकडे. घर आम्ही पाहिलेच नव्हते.

परतीच्या विमानाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. विमानतळावरील दुकानातून जिकडे तिकडे डोडो पक्षी मांडलेला होता. कापडाचा, लाकडाचा, साखरेचा. सतराव्या शतकात माणसांनी व त्यांनी आणलेल्या जनावरांनी तो संपविला. आता बेटाच्या मुद्रेवर आणि चहाच्या पेल्यावर तो सुखाने राहतो. नऊला विमान सुटले. ४,७०० किलोमीटरांच्या आसपास अंतर, सहा तासांहून थोडा अधिक वेळ. ज्या पाण्यावर त्या माणसाने कित्येक आठवडे काढले, त्यावर आम्ही एक जेवण व अर्धी झोप घेतली. पहाटे पावणेपाचला मुंबई. आफ्रिकेत तेव्हा रात्रीचा सव्वा वाजलेला. म्हणून फोन केला नाही. मुंबईहून वाईपर्यंत रस्त्यात काय पाहिले, ते आठवत नाही. खंबाटकीच्या अलीकडे एका खोदलेल्या दरडीचा काळा दगड तेवढा नजरेत भरला.

घरी पोचून स्नान-संध्या उरकल्यावर, दुपारी, जोहान्सबर्गास फोन लावला. शनिवार होता, सारे घरीच. नातवाने उचलला. 

"आजोबा, तुम्ही पोचला?"

"पोचलो," आम्ही म्हणालो. मग थोडा वेळ दोन्हीकडे काही नव्हते. आम्ही विचारले, "तुमच्या नव्या घराला अंगण आहे का रे?"

"आहे ना! मागे आहे, मोठं अंगन. एक झाड पन आहे."

"केवढं मोठं?" आम्ही विचारले.